लेखणी आणि शिक्का

टीका करणें आणि कारभार करणें हे दोन निराळे धर्म आहेत, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. काठावर उभा राहून पोहणाराच्या चुका दाखविणारास पाण्यांत उतरण्याचा आग्रह सहसा कोणी करीत नाहीं. आणि केलाच, तर तो बहुधा त्याचें तोंड बंद करण्यासाठीं असतो. म्हणूनच एखाद्या राज्यकर्त्यानें एखाद्या परखड टीकाकारास बोलावून, ज्या संस्थेवर त्याच्या गोतावळ्यानें शरसंधान केलें त्याच संस्थेंतील उच्चासनावर त्याला बसविलें, म्हणजे दोन्ही पक्षांचे लोक गोंधळून जातात. स्नेही म्हणतात, आतां याची धार बोथट होणार. विरोधक म्हणतात, कुंपणच शेत खाणार. आसनावर बसलेला मनुष्य मात्र त्या दिवसापासून एका विचित्र परीक्षेला बसलेला असतो. आजवर त्याचीं मतें केवळ मतें होतीं. आतां त्या मतांखालीं शिक्का उठणार असतो.

असा एक प्रसंग ऑस्ट्रेलियांत डिसेंबर २०१३ मध्यें घडला. तेथील मानवाधिकार आयोगावर ‘ह्यूमन राइट्स कमिशनर’ या पदासाठीं टिम विल्सन या अवघ्या तेहेतीस वर्षांच्या गृहस्थांची निवड जाहीर झाली. हे ना न्यायाधीश होते, ना नामांकित वकील. सार्वजनिक धोरणांवर मतें मांडणें हाच त्यांचा व्यवसाय होता. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाचे ते पदवीधर. विद्यार्थिदशेंत तेथील एका विद्यार्थिसंघाचे अध्यक्ष. आणि पुढें सुमारें सात वर्षें ‘इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स’ या संस्थेंत धोरण-संचालक. ही संस्था १९४३ सालीं मेलबर्नांत स्थापन झाली. मुक्त बाजारपेठ, अल्प शासन आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचा पुरस्कार हें तिचें ब्रीद. विल्सन यांनीं तेथें मुक्त व्यापार, बौद्धिक संपदा, हवामानविषयक धोरण अशा विषयांवर लिहिलें आणि दूरचित्रवाणीवर वाद घातले. आयोगावर टीका करणारांत ही संस्था अग्रभागीं होती. आयोग बरखास्त करावा, अशी मागणीहि तिनें केलेली होती. त्याच आयोगाची एक खुर्ची तिच्या संचालकास मिळाली!

वाचक विचारतील, येथल्या एका प्राध्यापकास मेलबर्नच्या या गृहस्थाशीं काय कर्तव्य? कारणें दोन आहेत. पहिलें धंद्याचें. गेलीं अठ्ठावीस वर्षें मी महाविद्यालयांत राज्यशास्त्र शिकवितों आणि दर वर्षीं मिलचा १८५९ सालचा स्वातंत्र्यावरील निबंध वर्गांत उलगडतों. दुसऱ्यास इजा होत असेल तरच समाजानें व्यक्तीवर बळ चालवावें, हें त्याचें सूत्र विद्यार्थ्यांना पटवून देण्यांत माझें निम्में आयुष्य गेलें. दुसरें कारण घरचें. माझ्या बहिणीचा मुलगा २००८ सालीं शिक्षणासाठीं मेलबर्नला गेला व तेथेंच स्थायिक झाला. २००९ सालीं त्या शहरांत भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले होऊं लागले आणि ३१ मे रोजीं तेथील रस्त्यांवर हजारों विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला. त्या दिवसांत माझी बहीण रोज रात्रीं दूरध्वनीशेजारीं बसून असे. माझ्या भाच्याच्या अंगाला कोणी हात लावला नाहीं. परंतु रात्रीच्या आगगाडीत त्याच्या वर्णावरून व देशावरून जें कांहीं बोललें गेलें, तें त्यानें आईला कधींच सांगितलें नाहीं. मला पुष्कळ वर्षांनीं सांगितलें. वर्गांत शिकविलेलें तत्त्व आणि घरांत भोगलेली काळजी या दोहोंची गांठ मला विल्सन यांच्या कारकीर्दीत पडली.

ती गांठ समजण्यासाठीं तेथील कायदा थोडासा पाहिला पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेंत आपल्या घटनेसारखें मूलभूत हक्कांचें प्रकरण नाहीं. धर्मस्वातंत्र्य, जूरीपुढें चौकशी, योग्य मोबदल्याशिवाय मालमत्ता न घेणें, अशीं कांहीं कलमें इकडेतिकडे विखुरलेलीं आहेत. भाषणस्वातंत्र्याचा तर नुसता उल्लेखहि नाहीं. राजकीय विचारविनिमयाचें स्वातंत्र्य घटनेंत अध्याहृत आहे, असा निर्णय तेथील उच्चतम न्यायालयानें १९९२ सालीं दिला, तेवढाच काय तो आधार. मानवाधिकार आयोग १९८६ च्या कायद्यानें अस्तित्वांत आला. त्याला शिक्षा देण्याचा अधिकार नाहीं. तक्रार ऐकावी, दोन्ही पक्षांत तडजोड घडवावी, चौकशी करून अहवाल लिहावा आणि लोकांना हक्कांचें ज्ञान द्यावें, हें त्याचें काम. तडजोड न झाल्यास तक्रारदारानें न्यायालयाचा रस्ता धरावयाचा.

वर्णभेदविरोधी कायदा तेथें १९७५ सालचा. त्यांत १९९५ सालीं कलम १८-सी घातलें गेलें. वर्ण, वंश किंवा राष्ट्रीय मूळ यांवरून चारचौघांत एखाद्याचें मन दुखावेल, अपमान होईल, मानहानि होईल किंवा त्याला दहशत बसेल असें कृत्य त्यानें बेकायदा ठरविलें. हा फौजदारी गुन्हा नव्हे. दिवाणी स्वरूपाची तक्रार. पाठोपाठच्या १८-डी कलमानें कला, विद्वच्चर्चा आणि सार्वजनिक हिताची रास्त टीका यांना, ती वाजवीपणें व सद्हेतूनें केलेली असल्यास, अभय दिलें. सोळा वर्षें हें कलम फारसें गाजलें नाहीं. २०११ सालीं मात्र अँड्रयू बोल्ट या प्रसिद्ध स्तंभलेखकाच्या लेखांबद्दलचा निकाल लागला. उजळ कांतीचे कांहीं लोक आपल्याला आदिवासी म्हणवून लाभ उपटतात, अशा आशयाचे ते लेख होते. त्यांत कायद्याचा भंग झाला आहे, असें न्यायालयानें ठरविलें. लेखांतील तपशिलाच्या चुका आणि सत्याचा केलेला विपर्यास पाहतां १८-डीचें अभय त्यांना मिळूं शकत नाहीं, असें न्यायमूर्तींचें म्हणणें पडलें. दंड झाला नाहीं. वृत्तपत्राला निकालाची सूचना छापावी लागली. परंतु त्या दिवसापासून ‘१८-सी’ हीं दोन अक्षरें तेथील राजकारणांत रणशिंगासारखीं वाजूं लागलीं.

२०१३ सालीं टोनी ॲबट यांचें सरकार आलें तें हें कलम रद्द करण्याचें वचन देऊन. ॲटर्नी-जनरल जॉर्ज ब्रँडिस यांनीं विल्सन यांची निवड केली आणि आयोगाची दृष्टि आधींच्या राजवटींत संकुचित झाली होती, ती आतां समतोल होईल, अशा अर्थाचें कारण दिलें. वर्तमानपत्रांनीं नव्या अधिकाऱ्याला ‘फ्रीडम कमिशनर’ असें नांव ठेवलें. विल्सन यांनीं लिबरल पक्षाचें सभासदत्व सोडलें व फेब्रुवारी २०१४ मध्यें ते पदावर रुजू झाले. विरोधकांनीं लगेच त्यांचा एक जुना उद्गार उकरून काढला. २०११ सालीं मेलबर्नांत चौक अडवून बसलेल्या निदर्शकांवर पाण्याच्या तोफा सोडा, असें त्यांनीं जाहीरपणें लिहिलें होतें. आतां हेच स्वातंत्र्याचे राखणदार!

त्यांचीं मतें, तीं पटोत वा न पटोत, एकसंध होतीं हें मान्य केलें पाहिजे. मानवी हक्क म्हणजे व्यक्तीनें शासनाविरुद्ध उभारलेली तटबंदी: विचार, भाषण, संघटना, धर्म आणि मालमत्ता यांचें स्वातंत्र्य. शासनानें पुरवावयाच्या सोयी व सवलती इष्ट असतील. परंतु त्या हक्कांच्या पंक्तीला बसविल्या, म्हणजे मूळ हक्कांचा भाव उतरतो, असें त्यांचें प्रतिपादन. दुष्ट शब्दाला उत्तर चांगल्या शब्दानें द्यावें. कायद्यानें दिलें, तर दुष्टाला हुतात्म्याचें तेज चढतें. आणि हक्कामागोमाग जबाबदारी येते. परंतु ती समाजाच्या रीतिनीतीनें सांभाळावी, न्यायालयाच्या समन्सानें नव्हे. हें सारें वाचतांना मला माझ्याच वर्गांतलीं टिपणें कोणी परत वाचून दाखवीत आहे असा भास झाला.

मार्च २०१४ मध्यें सरकारनें सुधारणेचा मसुदा पुढें केला. मन दुखावणें, अपमान आणि मानहानि हे तिन्ही शब्द गाळून दहशत तेवढी ठेवावी आणि द्वेष भडकविण्यास बंदी घालावी, असा त्याचा रोख होता. त्याच सुमारास सिनेटमध्यें ब्रँडिस बोलून गेले कीं, लोकांना पूर्वग्रहदूषित असण्याचाहि हक्क आहे. तर्कदृष्ट्या हें वाक्य मिलच्या सूत्रापासून फार दूर नाहीं. परंतु राजसभेंत, अधिकाऱ्याच्या मुखांतून तें बाहेर पडलें आणि त्याचा अर्थच पालटला. आदिवासी, यहुदी, चिनी, अरब, ग्रीक अशा नाना समाजांच्या संस्था एकत्र आल्या. सरकारकडे हजारों हरकती गेल्या. आयोगांतच दोन सूर होते. अध्यक्षा गिलियन ट्रिग्ज आणि वर्णभेदविषयक कमिशनर टिम सुटफोमासेन हे कलमाच्या बाजूचे. विल्सन विरुद्ध बाजूचे. एकाच छपराखालीं एकाच कायद्याचे दोन भाष्यकार! अखेर ५ ऑगस्ट २०१४ रोजीं पंतप्रधानांनीं सुधारणा सोडून दिल्याचें जाहीर केलें. विल्सन यांनीं आपलें मत सोडलें नाहीं. जानेवारी २०१५ मध्यें पॅरिसच्या ‘शार्ली एब्दो’ या व्यंगपत्राच्या कचेरींत हत्याकांड झालें, तेव्हां असें पत्र ऑस्ट्रेलियांत या कलमापुढें टिकणार नाहीं, असें त्यांनीं पुन्हा बजावलें.

याच काळांत एकदां माझा भाचा सुटीवर आला होता. जेवणानंतर मीं मोठ्या उत्साहानें त्याला विल्सन यांची विचारसरणी ऐकविली. तो शांतपणें ऐकत होता. मग म्हणाला, “मामा, तुम्ही म्हणतां तें कागदावर खरें आहे. वाईट शब्दाला चांगल्या शब्दानें उत्तर द्यावें. पण त्या रात्रीं डब्यांत आठ-दहा माणसें होतीं आणि चांगला शब्द कोणीच बोललें नाहीं. मीहि नाहीं. मला पुढच्या स्टेशनावर उतरायचें होतें, एवढेंच माझ्या मनांत होतें.”

“मग तूं त्या कलमाखालीं तक्रार केलीस का?” मीं विचारलें.

“नाहीं. कोणाविरुद्ध करणार? त्यांचीं नांवें कुठें ठाऊक होतीं? पण तें कलम तिथें आहे, एवढें माहीत असलेलें बरें वाटतें. देशानें कुठें तरी लिहून ठेवलंय कीं हें बरोबर नव्हे.”

या उत्तरानें माझें सूत्र ढळलें नाहीं; परंतु त्यांतला एक शब्द मला पुन्हा तपासावा लागला. ‘इजा’ हा तो शब्द. मिलनें धान्याच्या व्यापाऱ्याचें उदाहरण दिलें आहे. तो गरिबांना उपाशी मारतो असें वर्तमानपत्रांत छापलें तर तें मत. तेंच त्याच्या दारापुढें जमलेल्या क्रुद्ध जमावाला ओरडून सांगितलें तर ती चिथावणी. म्हणजे शब्दाची इजा शब्दांतच नसते. ती स्थळांत, वेळेंत आणि ऐकणाराच्या एकटेपणांत असते. दिवसाढवळ्या वर्तमानपत्रांत छापलेला मूर्ख लेख आणि रात्रीच्या डब्यांत एकट्या मुलावर झालेला शब्दांचा मारा यांना एकाच कलमाच्या एकाच मापानें मोजणें, हा त्या कायद्याचा खरा दोष असावा. विल्सन पहिल्या प्रकाराविषयीं बोलत होते, माझा भाचा दुसऱ्या. दोघेहि खोटें बोलत नव्हते.

आपल्या प्रांतालाहि हा पेच नवा नाहीं. १८८२ सालीं टिळक आणि आगरकर यांना कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या बदनामीबद्दल शिक्षा झाली आणि एकशें एक दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढावे लागले. ज्या पत्रांवर त्यांनीं विश्वास ठेवला तीं बनावट निघालीं. पण त्यांच्या हेतूविषयीं लोकांच्या मनांत कधींच शंका आली नाहीं. लिहिणाराची चूक आणि लिहिणाराचा हेतु यांचा हिशेब निरनिराळा ठेवावा, ही गोष्ट महाराष्ट्रानें त्या खटल्यांत पाहिली. १८-डी कलमांतील ‘सद्हेतु’ या शब्दाशीं बोल्ट यांचा खटला अडला, तेव्हां मला डोंगरीची आठवण झाली; अर्थात् दोहोंची योग्यता एक म्हणून नव्हे, तर प्रश्न एक म्हणून.

विल्सन यांचें कार्य या एकाच वादावरून तोलणें मात्र अन्यायाचें होईल. पदावर असतांना त्यांनीं देशभर फिरून समलिंगी, तृतीयपंथी व त्यांसारख्या इतरांच्या अडचणी ऐकल्या आणि २०१५ सालीं त्यांवर आयोगाचा सविस्तर अहवाल निघाला. विवाहाचा नागरी अर्थ आणि धार्मिक अर्थ एकमेकांस धक्का न लावतां नांदूं शकतात, असें त्यांनीं मांडलें. धर्मस्वातंत्र्याविषयीं धर्मगुरूंची व इतरांची बैठक भरविली. आदिवासी कमिशनर मिक गूडा यांच्यासमवेत ब्रूम येथें आदिवासींच्या भूमिहक्कांवर चर्चा घडवून आणली. १९९२ च्या माबो निकालानें आणि १९९३ च्या कायद्यानें जमीन त्यांची असल्याचें मान्य झालें; पण त्या जमिनीवर कर्ज काढतां येत नाहीं, उद्योग उभारतां येत नाहीं, तर तो हक्क कसला, हा त्यांचा प्रश्न होता. मालमत्तेच्या हक्काचा कैवारी दरिद्री आदिवासीच्या दारीं तोच हक्क घेऊन जातो, हें दृश्य त्यांच्या टीकाकारांनाहि विचार करावयास लावणारें होतें.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. याच काळांत आयोगानें आश्रयार्थी मुलांच्या स्थानबद्धतेची चौकशी केली. अहवाल फेब्रुवारी २०१५ मध्यें प्रसिद्ध होतांच, ज्या सरकारनें भाषणस्वातंत्र्याचा झेंडा उभारला होता तेंच आयोगाच्या अध्यक्षांवर तुटून पडलें; त्यांच्या पदत्यागाची अपेक्षाहि व्यक्त झाली. स्वातंत्र्याच्या कैवाऱ्याची खरी कसोटी येथें लागते. आपल्या पक्षाला टोंचणारें सत्य बोलणाराच्या पाठीशीं तो किती जोरानें उभा राहतो? माझ्या वाचनांत विल्सन यांचा जो आवाज १८-सीविषयीं दुमदुमला, तो येथें तितका दुमदुमलेला आढळला नाहीं. आणि दुसरें असें कीं, पांच वर्षांची मुदत त्यांनीं पुरी केली नाहीं. फेब्रुवारी २०१६ मध्यें राजीनामा देऊन ते लिबरल पक्षाच्या उमेदवारीसाठीं उभे राहिले आणि जुलैमध्यें मेलबर्नच्या गोल्डस्टाइन मतदारसंघांतून निवडून आले.

पुढील कथा थोडक्यांत सांगतों. मार्च २०१७ मध्यें १८-सी बदलण्याचा दुसरा प्रयत्न सिनेटनें हाणून पाडला. त्याच वर्षीं टपालाच्या मतचांचणींत ६१.६ टक्के लोकांनीं समलिंगी विवाहास अनुकूलता दर्शविली. आणि ४ डिसेंबर रोजीं त्या विधेयकावर भाषण करतां करतां विल्सन यांनीं प्रेक्षागारांत बसलेल्या आपल्या जोडीदारास सभागृहांतूनच विवाहाची मागणी घातली. २०२० सालीं आपल्या विचारांचें एक पुस्तक त्यांनीं प्रसिद्ध केलें. २०२१ सालीं ते उपमंत्री झाले. २०२२ सालीं झोई डॅनियल या अपक्ष उमेदवारानें त्यांचा पराभव केला. आणि २०२५ सालीं फेरमोजणीनंतर अवघ्या १७५ मतांनीं त्यांनीं ती जागा परत मिळविली. ज्या पदाला त्यांनीं दोन वर्षें दिलीं, त्यावर २०१६ सालीं एडवर्ड सँटो हे विधिज्ञ आले.

आपल्या देशानें हा प्रश्न दुसऱ्या रीतीनें सोडविला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या १९९३ च्या कायद्यानें अध्यक्षपद सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त सरन्यायाधीशांसाठीं राखलें. २०१९ पासून त्याच न्यायालयाच्या इतर निवृत्त न्यायाधीशांसहि तें खुलें झालें. न्यायाधीशाला तोल असतो, संयम असतो. पण तो बहुधा आयुष्यभर हक्कांची बाजू ऐकत आलेला असतो, मांडत आलेला नसतो. टीकाकाराला जिव्हाळा असतो, वाणी असते. पण ऐकण्याची संवय त्याला नव्यानें लावून घ्यावी लागते. कोणती पद्धति बरी हें ठरविणें मला कठीण वाटतें.

ऐकण्याच्या या संवयीविषयीं मला थोडा स्वानुभव आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकण्यासाठीं एक समिति नेमली गेली. विद्यार्थ्यांचें आपापसांतील बोलणें तपासण्याचा अधिकार शिक्षकांनीं घेऊं नये, असें मीं त्यापूर्वीं एका साप्ताहिकांत लिहिलें होतें; आजहि माझें मत तेंच आहे. प्राचार्य चतुर, त्यांनीं मलाच समितीवर घेतलें. पहिली तक्रार एका लांबच्या खेड्यांतून आलेल्या मुलाची होती. खाणावळींत तो तोंड उघडी तेव्हां त्याच्या बोलीची नक्कल होई आणि सारी पंगत हंसे. नक्कल करणारे माझेच आवडते, वक्तृत्वस्पर्धांत बक्षिसें आणणारे विद्यार्थी. त्यांनीं माझ्यापुढें मिलचें सूत्र बिनचूक म्हणून दाखविलें! मीं शिक्षा सुचविली नाहीं. दोन्ही पक्षांना एका टेबलाशीं बसवून त्या मुलाचें म्हणणें त्यांना अथपासून इतिपर्यंत, मध्यें न बोलतां, ऐकावयास लावलें. आणि जें घडलें त्याची स्पष्ट नोंद अहवालांत केली. नक्कल थांबली. परंतु पुढच्या सत्रांत तो मुलगा महाविद्यालयांत दिसला नाहीं. त्यानें शिक्षण सोडलें तें या कारणानें कीं घरच्या शेतीच्या अडचणीनें, हें मला आजवर कळलेलें नाहीं. लेख लिहितांना असले प्रश्न अनुत्तरित ठेवले तरी चालतें. नोंदवहीवर सही करणाराला ते सुटत नाहींत.

त्यामुळें विल्सन यांच्याविषयीं निकाल देण्याची मला घाई नाहीं. टीकाकारानें अधिकारपद घेतलें म्हणून त्याला बाटलेला म्हणणें पोरकटपणाचें आहे, आणि तो आपल्या पक्षाचा म्हणून त्याचा जयजयकार करणें त्याहून पोरकटपणाचें. मीं आपल्यापुरतीं तीन मापें ठरविलीं आहेत. आपल्याला न आवडणाऱ्या माणसाच्या हक्कासाठीं तो झगडला काय? ज्यांना त्याच्या तत्त्वाची झळ लागणार होती त्यांचें म्हणणें त्यानें समोर बसून ऐकलें काय? आणि ती संस्था त्यानें घेतली त्यापेक्षां भक्कम करून पुढच्याच्या हातीं दिली काय? पहिल्या मापानें विल्सन अर्धे उतरतात. दुसऱ्यानें, निदान समलिंगी समाजाच्या व आदिवासींच्या बाबतींत, पुष्कळसे पुरे. तिसऱ्यानें मात्र दोन वर्षांत उठून गेलेल्या मनुष्यास गुण देणें अवघड आहे. संस्थेचा दगड घडण्यास वेळ लागतो, आणि वेळ हीच एक गोष्ट राजकारणाच्या ओढीनें त्यांच्यापासून हिरावून घेतली.

भाच्याला मीं हीं तीन मापें पत्रानें कळविलीं. त्याला आतां दोन मुली आहेत. थोरली शाळेंत जाते. त्याचें उत्तर चार ओळींचें आलें. तो लिहितो, “मामा, मापें पटलीं. फक्त एक चौथें घाला. गाडीत कोणी माझ्या मुलीला तसें बोललें, तर शेजारचा मनुष्य तोंड उघडील, असें ज्याच्या कारकीर्दींत थोडें तरी झालें, तो अधिकारी मला चालेल; मग तो कायदा ठेवणारा असो कीं काढणारा.” हें चौथें माप कोणत्याहि अहवालांत मोजलें जाणारें नाहीं. यंदा मिलचा निबंध संपविल्यावर मीं तें विद्यार्थ्यांपुढें ठेवणार आहें.